दातातलं गाव

पडद्यावर ‘परदेशी’ असा शब्द उमटला तेव्हा अश्फाक परकारला वाटलं, आधीच्या मुलाचा निकाल चुकून तसाच राहिलाय. त्याने खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. खाली नाव स्पष्ट होतं. इनाया अश्फाक परकार.

“मॅडम, काहीतरी गडबड आहे,” तो यंत्राजवळच्या तरुणीला म्हणाला. “आम्ही खारगावचे. वाशिष्ठीच्या खाडीवरचं खारगाव. माझे पणजोबासुद्धा तिथलेच.”

“पणजोबांचा दात कुठे वाचला, काका?” ती म्हणाली. तिचा स्वर उद्धट नव्हता. सकाळपासून हेच बोलून ती दमली होती. “मुलीचा वाचला. तिचं लहानपण इथलं नाही असं यंत्र म्हणतंय. हरकत असेल तर अपील करा. चला, पुढचे कोण?”

इनायाने तोंड मिटलं, जिभेने दात चाचपला आणि उठली.

अपरांत सागरी विद्यापीठ रत्नागिरीजवळच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, उभं राहून फार काळ झाला नव्हता, पण २०४९च्या त्या उन्हाळ्यात जगभरच्या बुडत्या किनाऱ्यांवरून मुलं तिथे येत होती. खारफुटी कशी जगवायची, खाडीचं तोंड कसं मोकळं ठेवायचं, खारं पाणी शिरलेल्या शेतात भात कसा पिकवायचा, हे सगळं तिथे शिकायला मिळे. परदेशी मुलांकडून घसघशीत फी घ्यायची आणि तिच्या जोरावर देशी मुलांना जवळजवळ फुकट शिकवायचं, अशी विद्यापीठाची रीत होती. रीत वाईट नव्हती. अडचण एवढीच, की देशी कोण आणि परदेशी कोण हे ठरवायचं कसं? कागदावरचा विश्वास केव्हाच उडाला होता. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट, अगदी पहिलीच्या सहलीचे फोटोसुद्धा यंत्रं इतके हुबेहूब बनवून देत, की जन्मदात्या आईलाही फरक कळू नये. एका वर्षी देशी जागा अशी बनावट लहानपणं घेऊन आलेल्या मुलांनी भरून गेल्या, तेव्हा विद्यापीठाने कागद बाजूला सारले आणि ‘उगम’ आणलं.

‘उगम’मागचं तत्त्व साधं होतं. लहानपणी माणूस जे खातो-पितो त्याचा अंश दाताच्या कवचात, इनॅमलमध्ये, कायमचा अडकून बसतो. हाडं आयुष्यभर झिजतात आणि भरून येतात. इनॅमल मात्र एकदा बनलं की बदलत नाही. प्रत्येक मुलखातल्या पाण्याच्या आणि खडकाच्या अणूंना आपापलं वजन असतं, आणि लेझरने दाताला केसभरही इजा न करता ते वाचता येतं. माणसाने काहीही सांगावं, दात खोटं बोलत नाही, असं विद्यापीठाच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं.

परतीच्या बसमध्ये इनाया खिडकीशी बसली.

“आपण अपील करू,” अश्फाक म्हणाला.

“कशाला, अब्बा? यंत्र खरंच बोललं. मी मस्कतलाच वाढले ना?”

अश्फाक तिकिटाची घडी घालत राहिला.

तिशी गाठण्याआधीच तो मस्कतला गेला होता, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटमध्ये. तिथेच त्याचा संसार झाला, तिथेच इनाया जन्मली. मस्कतच्या रुवी भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीत संध्याकाळी चहा घेताना तो बायकोला, रुबिनाला, खारगावच्या गोष्टी सांगे. भरतीला अंगणापर्यंत येणारं पाणी, होड्यांच्या शर्यती, कालवं फोडायला दगडावर बसलेल्या बायका. गेल्या वर्षी प्लँट माणसांवाचून चालू लागला आणि त्याची नोकरी गेली. रुबिना तिथल्या शाळेत शिकवत होती, ती मागे थांबली. बापलेक यंदाच्या हिवाळ्यात खारगावला आले, अश्फाकची मोठी बहीण जुबेदाआपा एकटीच राहत होती त्या घरी. आणि आता गंमत अशी, की अंगणात बसून तो रुवीच्या त्या गॅलरीच्याच गोष्टी सांगत बसे. “मतरहच्या किनाऱ्यावर संध्याकाळचं काय वारं सुटतं म्हणून सांगू!”

“हितं वारा नाय काय?” आपा विचारायची. “तिकडं होतास तवा हिकडचं रडायचास, आता हिकडं आलास तर तिकडचं रडतंस.”

इनायाला खाडीविज्ञान शिकायचं होतं. देशी फीत ते सहज जमलं असतं, रुबिनाही परत आली असती. परदेशी फी भरायची तर रुबिनाला अनेक वर्षं तिथेच राहावं लागणार होतं, अश्फाकलाही पुन्हा कुठेतरी चाकरी शोधायला जावं लागणार होतं. लेकीला गावी आणायचं आणि आपण दोघांनी बाहेर राहायचं, हा विचार त्याला सोसवेना.

चार दिवसांनी चिपळूणहून त्याचा भाचा नदीम आला. त्याच्याकडे एक तोड होती. एक माणूस दातावर इथल्या खडकाच्या भुकटीचा पातळ थर चढवून देत होता. यंत्राला तो खरा वाटे. फेरतपासणीपुरता टिकला की झालं.

“मामू, पोरीचं आयुष्य आहे,” नदीम हळू आवाजात म्हणाला. “आणि आपण खोटं थोडंच बोलतोय? आपण इथलेच ना?”

ते शेवटचं वाक्य अश्फाकला पटलं. दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय एवढंच सांगून तो इनायाला घेऊन निघाला. चिपळूणच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र त्याच्याने राहवेना आणि त्याने तिला खरं काय ते सांगितलं. इनाया जागच्या जागी थांबली.

“म्हणजे मला इथली करायला दगडाचं पीठ फासणार?”

“हळू बोल, बेटा. मी तुझ्यासाठीच—”

“माझ्यासाठी?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढलेलाच राहिला. “अब्बा, लहानपणापासून ऐकतेय मी, आपण खारगावचे, आपण खारगावचे. मी ते खरं मानलं म्हणून तर आले तुमच्याबरोबर. आणि आता तुम्हालाच वाटतं, की ते लेप लावल्याशिवाय दिसणार नाही?”

येणारे-जाणारे बघू लागले. अश्फाकने तिची पिशवी उचलली आणि परतीची बस कुठे लागते ते विचारलं. घरी आपाने ताटं वाढली तेव्हा इनायाने आपणहून बापाच्या ताटात भाकरी ठेवली, तेवढ्यावरून त्याने ओळखलं, की राग निवळलाय. त्याच संध्याकाळी त्याने अपील केलं.

अपिलाला उत्तर आलं ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून. डॉ. ऊर्मिला केळुसकर या भूरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. ‘उगम’ त्यांनीच घडवलं होतं. साठीच्या, ठेंगण्या, भराभरा बोलणाऱ्या. त्यांनी बापलेकीला आपल्या टेबलाशी बसवलं आणि इनायाच्या दाताचा आलेख समोर धरला. एक निळी रेघ, एक तांबडी.

“अपिलं ढिगाने येतात, परकार,” त्या म्हणाल्या. “हे मी मुद्दाम माझ्याकडे मागवून घेतलं. मला हा दात कळत नाहीये. ही निळी रेघ पाण्याची. पाण्यातला ऑक्सिजन थोडा हलका असतो, थोडा जड. पावसाच्या पाण्यात हलका जास्त, समुद्राच्या पाण्यात जड जास्त. तुमच्या मुलीने तर समुद्रच प्यायलाय.”

“मीच गोडा करून दिलेला, मॅडम,” अश्फाक म्हणाला आणि त्याने प्लँटचं सांगितलं.

“अस्सं!” डॉक्टरबाई पुढे सरकल्या. “मग अर्धं कोडं सुटलं. त्या पाण्यातून मिठाबरोबर खनिजंही निघून जातात. म्हणजे हिच्या दातात जे खनिज आलं ते बहुतेक अन्नातूनच. आता ही तांबडी रेघ बघा. स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं, कॅल्शियमचं सख्खं भावंड म्हणा. खडकातून मातीत येतं, मातीतून धान्यात, धान्यातून दातात. आपला काळा कातळ लाव्हाचा बनलेला. त्याचं स्ट्रॉन्शियम ओमानचं नव्हे, पंजाबचंही नव्हे. आणि हिची तांबडी रेघ चक्क इथली आहे. मुंबईतली मुलं येतात ना माझ्याकडे, परमुलखातला गहू खाऊन वाढलेली, त्यांच्यात कोकण शोधावं लागतं. मस्कतला वाढलेल्या मुलीत ते आलं कुठून?”

“माझी अम्मा पाठवायची,” अश्फाक म्हणाला.

आणि मग तो सांगत सुटला. घरामागच्या उतारावर अम्मा नाचणी काढायची. रजेवर आलेला गावचा कोणीही माणूस मस्कतला परत निघाला, की त्याच्या दारात अम्माचं खोकं हजर. लाल तांदूळ, कुळीथ, कोकमं, सुक्या कोळंबीचे सोडे आणि सगळ्यात जास्त नाचणी. माणसं कुरकुरायची, सामानाचं वजन होतं म्हणायची. सोड्यांच्या वासाने विमानतळावर सगळ्यांच्या माना वळायच्या. एकदा अश्फाकने फोनवर अम्माला सांगितलंही होतं, इथे सगळं मिळतं, कशाला उगाच? अम्मा म्हणाली होती, मिळत असेल, पण ते कोणी पिकवलं ते तुला माहीत आहे का? इनाया तान्ही असताना दुसरं काही तोंडात घेत नसे. रुबिना नाचणीची पेज करायची आणि ती वाटी चाटूनपुसून संपवायची. पुढे भाकरी, तीही नाचणीचीच.

“नाचणीत कॅल्शियम भरपूर, म्हणून स्ट्रॉन्शियमही भरपूर,” डॉ. केळुसकर हळूच म्हणाल्या. “भाताने जेवढं गेलं नसतं तेवढं नाचणीने गेलं.”

इनाया आलेखावर वाकली होती. “मॅडम, ही तांबडी रेघ इथे अशी एकदम खाली का येते?”

“इनॅमल थरांनी बनतं. हा थर तू साधारण सहा वर्षांची होतीस तेव्हाचा. तिथून पुढे तुझं अन्न बदललं.”

इनायाने वडिलांकडे पाहिलं.

“त्या वर्षी दादी गेली,” अश्फाक म्हणाला.

खोकी केव्हा बंद झाली हे त्याला कधी आठवलंच नव्हतं. कोणी तसं ठरवलं नव्हतं. अम्मा गेली, आपा तेव्हा तिच्या सासरी होती, नाचणी काढणारं कोणी उरलं नाही. रुबिनाने दुकानातून पीठ आणायला सुरुवात केली आणि दिवस पुढे गेले. अम्माच्या मय्यतीला त्याला पोचता आलं नव्हतं. त्याने ती माती पाहिली नव्हती, खांदा दिला नव्हता. त्यामुळे अम्मा गेली हे इतक्या वर्षांत त्याला कधी पुरतं खरंच वाटलं नव्हतं. आज एका उतरत्या रेघेत ते त्याला दिसलं. त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने उगाच पुसत राहिला. डॉ. केळुसकर उठून खिडकीशी गेल्या आणि बाहेर बघत राहिल्या.

शुल्क समितीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली. अध्यक्ष होते डॉ. सबनीस, उंच आणि शांत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“परकार, तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे,” ते म्हणाले. “पण उद्या सिंगापूरचा एखादा श्रीमंत बाप मुलाला कोकणची नाचणी विकत आणून चारेल आणि देशी फी मागेल. मी नियमात काय लिहू? विकत आणलेली नको, आजीने पाठवलेली चालेल?”

कोणी हसलं नाही. बोलणं खरं होतं, हे अश्फाकलाही कळत होतं.

सबनीसांनी इनायाकडे मान वळवली. “तुला स्वतःला काय वाटतं? तू कुठली?”

“मला माहीत नाही, सर,” इनाया म्हणाली. तिचे हात ओढणीत गुंतले होते. “मस्कतला आम्हाला सगळे ‘हिंदी’, म्हणजे भारतातले, म्हणायचे. इथे यंत्र परदेशी म्हणालं. खारगावला आले तेव्हा मला खाडीच्या चिखलात पाय ठेवायची किळस यायची. आता मी आपाबरोबर गुडघाभर चिखलात उतरते. लहानपणच पाहिजे असेल तर ते मी आता कुठून आणू? पण मी आत्ता कुठे राहते हे तुम्ही कोणी विचारलंच नाही.”

मग डॉ. केळुसकरांनी टेबलावर हात ठेवला.

“ती बरोबर बोलतेय. चूक माझी आहे. मी यंत्राला एकच प्रश्न शिकवला. दात सांगतो माणूस कुठे होता. माणूस कुठे आहे ते केस सांगतात. केस वाढतो तसतसं पाणी आणि अन्न त्यात नोंदलं जातं, मुळापासून टोकापर्यंत. दोन वर्षं इथे राहिलेल्या माणसाच्या केसात दोन वर्षं दिसतील. ते मी वाचू शकते.”

“मग मुलांना दोन वर्षं केस कापता येणार नाहीत,” एक सदस्य म्हणाला, आणि या वेळी मात्र सबनीसही हसले.

चर्चा लांबली. शेवटी ठरलं, ज्याचा दात देशी नाही, पण ज्याने प्रवेशाआधी दोन वर्षं इथे सलग राहून इथलं खाल्लं-प्यायलं आहे, त्याला देशी फी. या वर्षी मात्र इनायाला देशी फीत प्रवेश नाही.

जिना उतरताना अश्फाक चिडला होता. “दोन वर्षं! जगातली पोरं शिकून बाहेर पडतील तोवर.” रुबिनाला फोन लावून त्याने तेच ऐकवलं. रुबिनाची परत येण्याची बॅग मनातल्या मनात कधीच भरून झाली होती, हे तिने त्याला खूप नंतर सांगितलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मी थांबते इथे. तिला थांबू दे तिथे. तिची दादी थांबलीच होती ना आपल्यासाठी?”

त्या दोन वर्षांत एक गोष्ट अशी झाली, जिच्यावर मस्कतचा कोणी विश्वास ठेवला नसता. खारगावच्या विहिरी खाऱ्या होत चालल्या होत्या, म्हणून सरकारने गावात गोड्या पाण्याची टाकी बांधली. पाणी समुद्राचं, खनिज काढून गोडं केलेलं. सगळं गाव ते प्यायला लागलं. पण इनायाने ते प्यायलं असतं तर केसात पुन्हा समुद्रच उतरला असता आणि यंत्राने तिला पुन्हा परदेशी ठरवलं असतं. आयुष्यभर समुद्र गोडा केलेला अश्फाक मग रोज सकाळी लेकीबरोबर डोंगर चढून झऱ्याचं पाणी आणायला जाऊ लागला. आधी तो वैतागायचा. पुढे त्याला ती वाट आवडू लागली. मस्कतमध्ये त्याच्या पाळ्या आणि तिची शाळा यांतून बापलेकींचं बोलणं फार झालंच नव्हतं. इथे चढताना धाप लागायची तिथे ती दोघं थांबायची, आणि थांबली की बोलायची. अम्मा कशी होती, ती रागावली की काय म्हणायची, तिचा आवाज कसा होता. एकदा इनायाने विचारलं, “तुम्हाला परत जावंसं वाटतं?” तो म्हणाला, “कुठे परत?” आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं.

आपाबरोबर इनाया कालवं काढायला शिकली, आपाची बोलीही उचलली. गावातल्या बायकांना जमवून तिने खाडीच्या वळणावर खारफुटी लावली. पहिल्या वर्षी निम्मी रोपं वाहून गेली. दुसऱ्या वर्षी तिने ती ओहोटीच्या रेषेपासून जरा वर लावली, ती तगली.

दोन वर्षांनी डॉ. केळुसकरांनी स्वतः तिचा लांबसडक केस यंत्राखाली धरला. ‘देशी’ असं उमटलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “जा, पोरी. आता शिकव आम्हाला.” त्याच महिन्यात रुबिनाही आली. सामान उतरवतानाच तिने आपाला मिठी मारली आणि दोघी बराच वेळ रडत-हसत दारातच उभ्या राहिल्या.

इनाया विद्यापीठाच्या वसतिगृहात गेली. अश्फाकने मनाची समजूत घातली होती, की लेक शेवटी इथेच, दोन तासांवर तर आहे. पहिला आठवडा तिचा फोन नीटसा आला नाही. वर्ग, नवी मैत्रीण, फिजीहून आलेली, जेवण बरं आहे, एवढंच. रविवारी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

“काय झालं, बेटा?”

“काही नाही.” मग थांबून, “अब्बा, घरची खूप आठवण येतेय.”

त्याला ती आठवण ओळखीची वाटली. मस्कतच्या पहिल्या वर्षी त्यालाही अशीच येत असे, कोणाला सांगता येत नसे. तो समजुतीने म्हणाला, “येणारच. रुवीचं घर, तुझ्या मैत्रिणी... लहानपण तिथलं ना तुझं. पुढच्या सुट्टीत अम्मीबरोबर जाऊन येशील.”

“रुवीची नाही हो, अब्बा,” ती जरा चिडूनच म्हणाली. “खारगावची. आता भरती आली असेल ना? आपा काय करतेय?”

अश्फाकने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात आपा शेजाऱ्यांच्या बकरीवर ओरडत होती. बकरी वाळत घातलेल्या कोकमांत शिरली होती. रुबिना झाडू घेऊन धावत होती. मागे खाडीचं पाणी दगडांवर चुळचुळत होतं.

“थांब,” तो म्हणाला, आणि त्याने फोन खिडकीबाहेर धरला.